गाऱ्हाण्यात गाळलेलं नाव

टेंबवाडीत वसंत पंचांगातून येत नसे, लवू परबाच्या तोंडून येत असे.

म्हणजे मोहर आपला वेळेवर यायचा, काजूही फुलायचे. पण शिमग्याला मांडावर, गावच्या देवकार्याच्या मोकळ्या जागेत, होळीचं झाड उभं राहून लवूनं गाऱ्हाणं घातल्याशिवाय थंडी गेली असं म्हणायची कुणाची टाप नव्हती. घरोघरच्या घोंगड्या त्यानंतरच उन्हात पडायच्या आणि माळ्यावर जायच्या. मसुऱ्याहून कोसभर आत, खाडीच्या कडेला ही पंचेचाळीस उंबऱ्यांची वाडी, आणि गाऱ्हाण्याचा मान परबांच्या घराचा. आधी आजा, मग बाप, मग लवू. थंडी सरली, झाडांना पालवी आली, आता ह्या घरातल्या अमक्याला, मुंबईला असलेल्या तमक्याला, दर्यावर गेलेल्या फलाण्याला सांभाळ, असं देवापुढे घर घेऊन, नाव घेऊन सांगायचं. एक घर झालं की सगळी वाडी गरजायची, "व्हय म्हाराजा!" ज्याचं नाव घेतलं गेलं तो वर्षभर देवाच्या ध्यानात राहिला, अशी सगळ्यांची समजूत.

एरवी लवूकडे काय होतं? दोन कुणगे भाताचे, चार काजू आणि एक जुना खोकला. पण मांडावर तो उभा राहिला की भलेभले हात जोडायचे. तीसेक वर्षांत तो एक नाव विसरला नव्हता. एकदा तर सकाळी जन्मलेल्या पोराला, बारसं व्हायचं होतं म्हणून, "रुक्मिणीचो नवो झील" असं म्हणून त्यानं संध्याकाळी देवापुढे नेलं. रुक्मिणी ते पुढे वर्षानुवर्षं सांगत होती.

त्याचा एकुलता एक मुलगा गुरुदास. पोराला आवाज होता, पाठांतर होतं, फक्त हौस नव्हती. पंचावन्न सालच्या दसऱ्यानंतर तो मुंबईला जायला निघाला तेव्हा बापलेकांत चांगलीच जुंपली.

"बाबा, माका गोदीत काम गावला हा. गाऱ्हाण्यान पोट भरणा नाय."

"जा तर," लवू म्हणाला. "पण मांडावर माझ्या तोंडात तुझा नाव येवचा नाय. ध्यानात ठेव."

रागाच्या भरात माणूस काय वाटेल ते बोलतो आणि मग विसरतो. लवू विसरला नाही, हीच त्याची खोड.

त्या साली थंडी ठाण मांडून बसली. महाशिवरात्र झाली तरी सकाळची शेकोटी सुटेना. आंब्यांवर मोहरामागून मोहर येत होता आणि धरलेली कणी गळून जात होती. माणसं एकच विचारायची, शिमगो कधी? लवूचा घसा तर पार बसला होता. त्याची बायको सावित्री शाळामास्तरांकडे गेली आणि तिनं गुरुदासाला पत्र घातलं, की बाबांचा आवाज फुटत नाही, यंदा गाऱ्हाणं कसं व्हायचं ते देव जाणे. हे तिनं लवूला सांगितलं नाही.

शिमग्याच्या दिवशी ऊन कलताना होळीचं झाड नाचवत मांडावर आलं, उभं राहिलं. लवूनं ऊन पाणी पिऊन घसा मोकळा केला होता. त्यानं हात जोडले.

"बा रवळनाथा म्हाराजा! थंडयेन यंदा लय छळल्यान. आता झाडाक पालवी दिलंस, तशी तुझ्या लेकरांकय पालवी दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आवाज लागला. नुसता लागला नाही, चढला. घरामागून घर होत गेलं. गणपतचं घर, काशीबाईचं घर, तिचे मुंबईतले दोन्ही मुलगे. शेवटी लवूचं स्वतःचं घर आलं आणि त्याच्या मनात दसऱ्यानंतरचं ते भांडण उभं राहिलं.

"ह्या लवू परबाच्या घरातली दोन माणसा, म्हाराजा, तेंका सुखी ठेव."

दोन. वाडीला तीन माहीत होती. कुणीतरी उशिरानं "व्हय म्हाराजा" सुरू केलं आणि बाकीच्यांनी अर्धवट सूर मिळवला. बायकांच्या घोळक्यात सावित्रीनं पदर तोंडाला लावला. लवूला मात्र तेव्हा बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, चांगलंच बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची यशोदा आली आणि तिनं सावित्रीच्या हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी ठेवलं.

"गुरुदासान दिल्यान."

"गुरुदास? खंय आसा तो?"

"काल मांडार इललो मा! त्या उंडीखाली उभो होतो. बोटीतसून उतारलो तो मालवणसून चलतच इलो. गाऱ्हाणा संपला तसो माका म्हणता, 'ह्या बाबांका दी, घशाक बांधूक.' आणि मागच्या मागे गेलो. माका वाटला, घराकच येता हा."

कागदात लोकरीचा गळपट्टा होता. तपकिरी, जाड, मुंबईच्या थंडीत कुणाला कधी लागणार नाही असा.

लवू उठला तो थेट बंदराच्या वाटेला लागला. दुपारपर्यंत मालवणला पोचला, तर बोट गेलेली. परतताना तो मांडावर थांबला आणि उंडीच्या झाडाकडे बघत राहिला. झाड मांडापासून बरंच लांब, पार ओढ्याच्या कडेला. एवढ्या लांब, त्यात वारा, त्यात ढोल. इथवर शब्द पोचतच नसणार. गुरुदासानं काही ऐकलं नसेल, त्याला परतीची घाई असेल. ह्या आधारावर लवूनं पुढची अकरा वर्षं काढली.

गुरुदास काही कायमचा तुटला नाही. गणपतीला यायचा, दीड दिवस राहायचा, पाया पडायचा, "बाबा, तब्येत बरी मा?" विचारायचा. पाहुण्यानं विचारावं तसं. शिमग्याला मात्र तो पुन्हा कधी आला नाही. इकडे लवू दर शिमग्याला सगळ्यात आधी त्याचंच नाव घ्यायचा, तेही मोठ्यानं, दोनदोनदा. वाडीतले लोक एकमेकांकडे बघायचे, पण "व्हय म्हाराजा" जोरात म्हणायचे. तेवढी माणुसकी वाडीत होती.

एका गणपतीत बापलेक पडवीत बसले होते. त्या दिवशी तुला तिथून काही ऐकू आलं काय रे, एवढंच लवूला विचारायचं होतं. शब्द ओठांवर आले. पण त्यानं विचारलं, "च्या घेतस?"

"घेतंय," गुरुदास म्हणाला.

सदुसष्ट साली गुडघ्यांनी संप केला. लवूनं गाऱ्हाणं पुतण्या गणपतच्या हवाली केलं, शब्दन् शब्द घोकून घेतला. शिमग्याला मांडावर न बसता तो काठी टेकत, तो गळपट्टा गळ्याला गुंडाळून उंडीखाली जाऊन उभा राहिला. थंडी नव्हतीच तशी. उंडीला नवी पानं फुटली होती, वारा खाडीवरून येत होता, ढोल वाजत होते.

ढोल थांबले. गणपतचा आवाज लवूच्या आवाजाच्या निम्म्यानंही नव्हता.

पण सगळं ऐकू आलं. थंडी सरली ते आलं, पालवी आली ते आलं. काशीबाईचं घर आलं, तिचे मुलगे आले, एकेक नाव जवळ येऊन कानात सांगितल्यासारखं आलं. लवू परबाच्या घरातली तीन माणसं आली. गुरुदासाचं नाव आलं. वाडी गरजली. लवू काठी टेकत घराकडे वळला.

घरी आला तेव्हा सावित्री अंगणात घोंगड्या झटकत होती. तो पायरीवर बसला.

"थंयसून सगळा आयकाक येता गो," तो म्हणाला.

सावित्रीचे हात थांबले.

"माका ठावक आसा," ती म्हणाली. "दुसऱ्याच वर्सा मी थंय जावन उभी रवलंय."

"मगे माका सांगलस नाय?"

तिनं घोंगडीची घडी घातली आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, "झिलान काय आयकूक नाय, ह्या समजुतीर तुमका झोप तरी लागी."