पडणाऱ्याचा चेहरा

"टेक थ्री लाव," सागर म्हणाला. "काही बोलू नका ताई, फक्त बघा."

घाईत असला की सागर एकाच वाक्यात मला अरे-तुरे आणि अहो-जाहो दोन्ही करतो. तो दिग्दर्शक, मी एडिटर. नेरूळला एका कमर्शियल कॉम्प्लेक्समध्ये माझी एडिट रूम आहे. खालच्या मजल्यावर डेंटिस्ट, वरच्या मजल्यावर ट्युशन क्लास. मी टेक थ्री लावला.

उलव्यातल्या एका अर्धवट बिल्डिंगमधला सीन होता. हिरो दुसऱ्या मजल्याच्या स्लॅबवरून खाली पडतो. म्हणजे हिरोचं निळं जॅकेट घातलेला बॉडी डबल पडतो. खाली पुठ्ठ्याचे रिकामे खोके रचून त्यावर गाद्या टाकलेल्या असतात. मोठ्या पिक्चरला एअरबॅग येते, आमच्या बजेटमध्ये खोकेच. खोके वाईट नसतात. ते दबतात आणि माणूस वाचतो. फक्त त्याने खोक्यांवर पडलं पाहिजे.

पहिले दोन टेक नीट झाले होते. तिसऱ्यात कडेवरून सुटताना त्याचा पाय घसरला आणि तो तिरका आला. परांचीचा एक पाइप बाहेर राहिला होता, त्यावर कंबर आपटली. अंग गरकन फिरलं, तोंड सरळ कॅमेऱ्याकडे आलं, आणि मग खोके. चेहरा जेमतेम एक सेकंद दिसला. तेवढ्यात जे दिसायचं ते सगळं दिसलं.

"सोनं आहे," सागर म्हणाला.

"माणूस कसा आहे?"

"ओके आहे. अ‍ॅडमिट आहे."

ही दोन वाक्यं एकत्र कशी बसतात, ते मी विचारलं नाही. मी शॉट मागे नेला आणि तो चेहरा थांबवून ठेवला. ओळख पटायला वेळ लागला, आणि पटली तीही खांद्यांवरून. तो कुंदन होता. कुंदनला मी कित्येक वर्षं ओळखत होते, पण मागून.

हे जरा समजावून सांगते. पिक्चरमध्ये डबलचा शॉट कुठे कापायचा, याचा नियम साधा आहे. त्याचा चेहरा दिसायच्या दोन फ्रेम आधी. फ्रेम म्हणजे एक चित्र, सेकंदाला अशी चोवीस जातात. दोन फ्रेम उशीर झाला तर प्रेक्षकाला कळतं की हा हिरो नाही. त्यामुळे डबलच्या बाबतीत एडिटरचं काम एकच, त्याला लपवणं. कुंदन काचेतून आला, जीपवरून उडाला, पाठीला आग लावून धावला. मी दर वेळी त्याला वेळेवर कापलं. त्याची पाठ, खांदे, पळताना किंचित डावीकडे झुकायची सवय, सगळं मला पाठ होतं. रस्त्यात समोरून आला असता तर मी ओळखलं नसतं.

एडिटर कधी कलाकाराला भेटायला हॉस्पिटलात जात नाही. आमचं काम शूटिंग संपल्यावर सुरू होतं, माणसं आमच्यापर्यंत हार्ड डिस्कमधून येतात. तरी मी गेले. तो चेहरा थांबवून ठेवल्यावर पुढे कट मारायला हात होईना.

जनरल वॉर्डात कुंदन उताणा पडला होता. कमरेत प्लेट घातली होती. शेजारी स्टुलावर त्याची आई बसलेली, सारसोळ्याची कोळीण, बाजारातला धंदा तसाच टाकून आलेली. मी नाव सांगितलं, एडिटर आहे म्हटलं.

"मंजे तू काय करतंस पिक्चरमदी?" आईने विचारलं.

मी काही बोलायच्या आत कुंदनच म्हणाला, "आय, मी जिथं दिसायला लागतो ना, तिथं ह्या मला कापतात."

तो हसला. मीही हसले. आई हसली नाही.

"का?" तिने विचारलं.

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते तिला सांगण्यासारखं नव्हतं.

मी कुंदनला सरळच विचारलं. "तो शॉट ठेवू की नको? तू नको म्हणालास तर मी टेक टू लावीन. दिग्दर्शकाला काय सांगायचं ते मी बघते."

"ठेवा," तो म्हणाला. "नाय ठेवला तं माझी कंबर फुकटच गेली. डॉक्टर बोलला, आता पडनं बंद. मला आता फाइट मास्टर व्हायचं हाय. दुसऱ्याला पाडायचं, नीट."

फाइट मास्टर म्हणजे मारामारी आणि स्टंट बसवणारा. त्याला स्वतः उडी मारावी लागत नाही, उडी कशी मारायची ते सांगायचं. पण हे काम मागायला शोरील लागते. शोरील म्हणजे स्वतःच्या कामाच्या तुकड्यांचा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ.

"माझी शोरील म्हंजे सगली पाठच पाठ," कुंदन म्हणाला. "कोन बी बोलेल, हा तूच कशावरनं? हा एक शॉट हाय त्याच्यात मी दिसतो. फक्त तोंड कापू नका मॅडम."

"नाही कापणार," मी म्हटलं.

आता अडचण अशी होती की कथेत पडतो हिरो आणि चेहरा कुंदनचा. तो तसा ठेवता येत नाही. मी सगळं फुटेज पुन्हा काढून बसले. त्याच मजल्यावर व्हिलनचा एक माणूस हिरोवर धावून जातो, असा शॉट होता. तो आधी लावला. हिरो बाजूला होतो, तोल जातो तो त्या माणसाचा. पडतो तोही तोच. कलर करेक्शनमध्ये निळं जॅकेट त्या माणसासारखं तपकिरी केलं. मग हिरो वरून खाली बघतो. असा एक क्लोजअप वेगळ्याच सीनसाठी घेतलेला होता, तो इथे चपखल बसला. सीन पहिल्यापेक्षा बरा झाला. हे मी स्वतःच्या कौतुकासाठी सांगत नाही. सागरही तेच म्हणाला.

"शॉट वाचतोय ना? मग झालं," तो म्हणाला. "शेठना आवडेल."

शेठ म्हणजे प्रोड्युसर. पनवेलच्या बाजूला त्यांच्या बिल्डिंगी आहेत, उलव्याची ती अर्धवट बिल्डिंगही त्यांचीच. हिरो विराज हा त्यांचा सख्खा पुतण्या. दोघे मिळून पिक्चर बघायला माझ्याकडे आले. शेठनी चहा घेतला, बूट काढून पाय खुर्चीवर घेतले आणि शांतपणे बघत राहिले. तो सीन आला तसे पाय खाली आले.

"हा कोण पडला?"

"व्हिलनचा माणूस," सागर म्हणाला.

"स्क्रिप्टमध्ये तर विराज पडतो. पडतो आणि उठतो. तिथं शिट्ट्या आहेत. तुम्ही माझ्या शिट्ट्या गुंडाला दिल्या?"

मी म्हटलं, "शेठ, या शॉटमध्ये डबलचा चेहरा दिसतो. विराज पडला असं दाखवायचं असेल तर टेक टू आहे. त्यात चेहरा नाही."

त्यांनी टेक टू बघितला. मग पुन्हा टेक थ्री.

"टू मध्ये मजा नाही. हाच ठेवा. चेहरा बदलून घ्या. आता होतं ते सगळं."

खरंच होतं. पूर्वी एका माणसाचा चेहरा दुसऱ्याच्या डोक्यावर बसवायला मोठी कंपनी लागायची. आता कोपरखैरण्यात एक मुलगा लॅपटॉपवर करून देतो.

विराज इतका वेळ मोबाइल बघत होता. त्याने मान वर केली. "पण ते दुखण्याचे एक्स्प्रेशन आहेत ना मॅडम, ते तसेच राहू देत हां. मस्त आलेत."

"ते एक्स्प्रेशन नाहीत," मी म्हटलं. "त्याची कंबर मोडलीय."

"हो, कळलं मला," विराज म्हणाला. "वाईट झालं." आणि त्याला खरंच वाईट वाटल्यासारखं दिसलं, थोडा वेळ.

मी शेठना सांगितलं की कुंदनला मी शब्द दिलाय. हा शॉट त्याला पुढच्या कामासाठी लागणार आहे. त्याची लाइन बदलतेय. शेठ शांतपणे ऐकत होते. आवाज चढवणारा माणूस नाही तो.

"मॅडम, त्याला पडायला बोलावलं होतं. चेहरा दाखवायला नाही."

मग मी म्हटलं, हे काम मी करणार नाही. शेठ म्हणाले, काही हरकत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांचा माणूस येऊन हार्ड डिस्क घेऊन गेला. मी कॉपी ठेवली नव्हती. ठेवायची नसते. प्रत्येक प्रोड्युसरशी तसा करार असतो, आणि कॉपी ठेवणाऱ्या एडिटरला पुन्हा कोणी काम देत नाही.

सागर जिन्यात थांबला होता. "ताई, माझा पहिलाच पिक्चर आहे," एवढंच म्हणाला. मला त्याचा राग आला नाही. यावा असं फार वाटत होतं.

ट्रेलर आला. सगळ्यात शेवटी तोच शॉट ठेवलेला होता, स्लो मोशनमध्ये. जॅकेट पुन्हा निळं. कोपरखैरण्याच्या मुलाने काम उत्तम केलं होतं, कुठे जोड दिसत नव्हता. आक्रसलेल्या भुवया, आवळलेले दात, ताणलेल्या गालाची शीर, दुखणं सगळं कुंदनचं, आणि चेहरा विराजचा. खाली लोकांनी लिहिलं होतं की पोरगा अ‍ॅक्टिंग शिकला. वाशीच्या मॉलमध्ये प्रमोशन झालं, त्यात विराज शर्टावरून कमरदुखीचा पट्टा लावून आला. "मी डबल वापरत नाही," तो माइकवर म्हणाला. "लागलं तर लागलं." टाळ्या पडल्या.

मी सारसोळ्याला कुंदनच्या घरी गेले. त्याला दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं, असं वाटलं. त्याला आधीच कळलं होतं. गल्लीतल्या पोरांनी मोबाइलवर दाखवलं होतं. तो पलंगावर भिंतीला टेकून बसला होता. आई ओट्यापाशी कोळंबी सोलत होती, तिने वर बघितलं नाही.

"मी बोललो व्हतो तोंड कापू नका."

"मी कापलं नाही, कुंदन. मी काम सोडलं."

"कापलं असतं तं बरं व्हतं," तो म्हणाला. "मंग मी बोललो असतो, ही पाठ माझी. कोनी मानली नसती, पन कोनी खोटी बी नसती पाडली. आता तं तिथं दुसराच बसलाय."

शेठशी बोलते म्हटलं. त्याने मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही.

मी शेठना फोन केला. रॉ फुटेज, म्हणजे कॅमेऱ्यातून आलेलं मूळ चित्रण, त्यातला फक्त तो एक टेक द्या म्हटलं. पिक्चरला धक्का लागणार नाही, तो फक्त कामाच्या ठिकाणी दाखवेल. शेठ म्हणाले, डिस्क पुसून दुसऱ्या शूटला गेल्या. खरं की खोटं, मला माहीत नाही. दोन्ही शक्य आहे.

चालता यायला लागल्यावर कुंदन सलीम मास्टरकडे गेला. सलीम मास्टर वेब सिरीजच्या मारामाऱ्या बसवतात, त्यांना हाताखाली माणूस हवा होता. कुंदनने मोबाइलवर पाठी दाखवल्या, आणि शेवटी ट्रेलर. मास्टरबरोबर सिरीजच्या प्रोड्युसरकडची दोन पोरं बसलेली होती. त्यांनी ट्रेलर ओळखला.

"भाऊ, हा तर विराज आहे. त्याने स्वतः केलाय."

"तो मी हाय," कुंदन म्हणाला.

पोरं हसली. कुंदनने कमरेवरचा शर्ट वर करून टाक्यांचे व्रण दाखवले. तेव्हा ती हसायची थांबली, पण त्याने काम झालं नाही. उलट, डोक्यावर परिणाम झालेला माणूस आहे, असं त्यांनी नंतर मास्टरना सांगितलं.

हे मला सलीम मास्टरनीच सांगितलं, मी फोन केला तेव्हा. मी म्हटलं, "मास्टर, तो शॉट मी एडिट केलाय. तो कुंदनच आहे."

"असेल हो ताई. तुम्ही सांगता म्हणजे आहेच. पण कमर गेलेला माणूस मी प्रोड्युसरकडे नेणार, तर काही तरी दाखवायला नको? मी काय सांगू, एक बाई बोलल्या?"

त्यांचंही बरोबर होतं. या सगळ्या प्रकरणात प्रत्येकाचं बरोबरच होतं.

कुंदन आता करावे गावात त्याच्या मेहुण्याच्या पाण्याच्या बाटल्यांच्या धंद्यात बसतो. बाटला उचलायचा नाही, फक्त फोन घ्यायचे. शोरील त्याने मोबाइलमधून काढून टाकली, असं म्हणतो. त्याची आई मला बाजारात दिसते. मी मासळी तिच्याकडूनच घेते. ती साफ करून देते, नीट पिशवीत भरते. बोलत नाही.

पिक्चर फार चालला नाही, पण पडलाही नाही. दुसरा भाग काढायचं ठरलंय. मागच्या महिन्यात सागरचा फोन आला. एडिट दुसऱ्याकडे आहे हे त्यानेच आधी सांगून टाकलं, मग मुद्द्यावर आला.

"ताई, कुंदनसारखं कोणी पडणारं आहे का ओळखीत? विराजच्या अंगकाठीचं?"

मी नाही म्हटलं. संध्याकाळपर्यंत त्याला दुसरीकडून मिळाला.

यातून शिकायचं काय, असं कोणी विचारलं तर माझ्याकडे कामाची एकच गोष्ट आहे. स्टंटची पोरं भेटली की मी त्यांना सांगते. उडी मारायच्या आधी कोणाला तरी आपल्या मोबाइलवर शूट करायला सांगा. तोंड, कपडे आणि सीनच्या नंबरची पाटी, तिन्ही एकाच चित्रात आलं पाहिजे. सेटवर मोबाइलला बंदी असते, हे मला माहीत आहे. पोरंही मला तेच सांगतात.