डोळ्यांचे चार चौकोन

डमडमला आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या चौकोनमावशी दोन दोन दिवस कापड मोजल्याशिवाय सुई हातात घेत नसत. मॅटीच्या कापडाचे आडवे-उभे चौकोन मोजायचे, मधोमध लाल धागा घालायचा, मग आलेखाच्या कागदावर चित्र उतरवायचं. कागदावरच्या एका चौकोनाला कापडावर एक टाका. रंग सहाच. "सातवा लागला तर मांडणी चुकली समजावं," असं त्या म्हणायच्या.

नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे मी नुकतीच कलकत्त्याला आले होते आणि स्वभावाने भलतीच उतावीळ होते. न मोजता भरलेल्या माझ्या पोपटाची चोच कापडात मावेना. मावशींनी अख्खा पोपट शांतपणे उसवला आणि कापड परत माझ्या हातात दिलं. "मोज आता." मला रडूच आलं.

त्यांचा एकुलता एक श्रीधर इंजिनीअरिंगला होता. चळवळीच्या त्या वर्षांत शहरातली कितीतरी मुलं घर सोडून गेली, तसा तोही एके दिवशी गेला. कुठे, कुणाबरोबर, काहीच कळलं नाही. मागे राहिला कॉलेजच्या ओळखपत्रावरचा नखाएवढा फोटो. मावशींनी तो चेहरा भरायला घेतला.

कागद त्याच्याच आलेखवहीतले. पुढच्या पानांवर त्याने काढलेले आलेख होते, ती पानं त्या उघडत नसत. मागची कोरी तेवढी सोडवून घेत. फोटोवर पातळ कागद ठेवून बारीक चौकोन आखले आणि भिंगातून बघत एकेक मोठा करून उतरवला. महिनाभराने चेहरा पुरा झाला तो लांबुळका, कुणा परक्याचा. कापडाची वीण उभ्यात सैल होती. जन्मभर दुसऱ्यांना मोजायला लावणाऱ्या मावशींनी या वेळी कापड मोजलंच नव्हतं. त्यांना घाई झाली होती. त्या दिवशी मला त्यांचा धाक वाटेनासा झाला, नुसतं वाईट वाटत राहिलं.

त्यांनी दुसरं कापड घेतलं, मोजलं. या वेळी श्रीधर हुबेहूब उतरला. डोळ्यांचे चार चौकोन तेवढे कोरे होते.

आमची बदली झाली तेव्हा निरोप घ्यायला गेले आणि न राहवून विचारलं, डोळे कधी भरणार? मावशींच्या मांडीवर तपकिरी धाग्याच्या दोन लडी होत्या, एक गडद, एक फिकी.

"फोटोत रंग कुठला कळायला? आणि मला नक्की आठवत नाही गं," त्या खाली बघत म्हणाल्या. "आला की बघून भरीन."

स्वतःच्या मुलाच्या डोळ्यांचा रंग आठवू नये, याची त्यांना लाज वाटत होती. जिन्यात मी श्रीधरला रोज बघत होते. मलाही आठवला नाही.

मावशी वारल्यावर त्यांच्या यजमानांनी ते कापड मला पार्सलने पाठवलं. चारही चौकोन कोरे, दोन्ही लडी काठाला टाचलेल्या. माझी सून म्हणते, कुठलाही रंग घालून पुरं करून टाका, कोण बघतंय. मी लडी पेटीत जपून ठेवल्या आहेत. तो कधी आलाच, तर त्याला उजेडात उभं करून दोन्ही धागे डोळ्यांशी धरून बघावे लागतील.