फोनमधली आई

सम्यक आणि मैत्री,

विमानतळावरची ती दुपार तुमच्यापैकी एकालाच आठवत असेल. सम्यक, तू नव्या बुटांकडे बघत बाबाचा हात धरून उभा होतास. मैत्री, तू आजोबांच्या खांद्यावर झोपली होतीस. तुला उठवायचं नाही, असं आम्ही मोठ्यांनी आधीच ठरवलं होतं. जाताना तुझ्या आईने फक्त तुझ्या तळव्याला बोट लावलं. तू पाय आखडून घेतलास. ती वळली आणि काचेच्या दारातून आत गेली. मागे पाहिलं असतं तर तिला जाता आलं नसतं.

तुमच्या आई-बाबांना हॉलंडमध्ये नोकऱ्या मिळाल्या होत्या. नव्याने आलेल्या मुलांसाठी तिथे भाषा शिकवणारा वेगळा वर्ग असतो, त्यात सम्यकला जागा मिळाली. पाळणाघरात मात्र मैत्रीसाठी जागा नव्हती. ती मिळेपर्यंत मैत्री नागपूरला, सक्करदऱ्याला आमच्याकडे राहणार होती. "थोड्या दिवसांचा प्रश्न आहे, आई," असं तुमचा बाबा म्हणाला होता. ते गेले तेव्हा कूलर सुरू होते. कळमन्याच्या बाजारात संत्र्यांच्या गाड्या लागल्या, तरी पाळणाघराचा निरोप आला नाही.

मला दिवसाला शिस्त लागते. कॉलेजात इंग्रजी शिकवत होते तेव्हाही तसंच होतं. सकाळी आंघोळ, दुपारी झोप, संध्याकाळी तलावाकडे फेरी आणि दिवेलागणीला बुद्धवंदना. मैत्री, त्याच सुमारास तिकडे तुझ्या आईला ऑफिसात थोडी उसंत मिळायची, म्हणून वंदना संपली की लगेच व्हिडिओ कॉल. फोन तुझ्या हातात दिला की तू लाल बटण दाबायचीस, म्हणून मी तो वरच्या फळीवर बुद्धमूर्तीशेजारी टेकवून ठेवू लागले. तिथे उजेडही चांगला पडायचा.

सुरुवातीला तू खुर्ची ओढून फळीवर चढायला बघायचीस. रडायचीस. मग हळूहळू ते थांबलं. "आई कुठे?" हेही थांबलं. शेजारणीने विचारलं की तू फळीकडे बोट दाखवायचीस. वंदनेसाठी जोडलेले हात कॉलभर तसेच जोडलेले राहायचे. आधी मूर्तीला नमस्कार, मग फोनला.

"अवं, पोट्टी फोनच्या पाया पडून राहिली," आजोबा म्हणाले. आम्ही हसलो. पलीकडे तुझी आईही हसली. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला नाही. मीटिंग होती, असं तिने नंतर सांगितलं. आजोबांनी तो विनोद पुन्हा केला नाही. मी फोन जेवणाच्या टेबलावर ठेवून पाहिला, तर आई टेबलावरून हाका मारत होती आणि तू रिकाम्या फळीसमोर हात जोडून तिची वाट बघत उभी होतीस.

शेवटी एकदाची जागा मिळाली आणि मी तुला घेऊन निघाले. तिथल्या विमानतळावर तुझ्या आईने गुडघ्यांवर बसून हात पसरले. तू तिच्यासमोर थांबलीस. हात जोडलेस, कपाळ फरशीला टेकवलंस. वंदनेत शिकवलं होतं तसं, तीन वेळा. "आजी, ही काय करून राहिली?" सम्यकने विचारलं. तुमचा बाबा बॅगा मोजायला लागला. आईने तुला मध्येच उचललं नाही. तिसरा नमस्कार होईपर्यंत ती तशीच हात पसरून थांबली. मग तू उठलीस आणि माझ्या पदरामागे आलीस.

पाळणाघराच्या पद्धतीप्रमाणे सुरुवातीचे दिवस आईने तुझ्याजवळ बसायचं होतं. तू तिच्यापासून लांब बसायचीस आणि दाराकडे बघायचीस. झोपायला तुला माझा पदर मुठीत लागायचा. माझ्या परतीचं तिकीट काढलेलं होतं. एकदा भांडी पुसताना तुझी आई म्हणाली, "तुम्ही गेल्यावर ही माझ्याकडे आलीच नाही तर?"

"येईल."

"आणि नाहीच आली, तर हिला परत घेऊन जाल का, आई?"

मी पुसलेली ताटली पुन्हा पुसत राहिले. नाही म्हणणं मला जमलं नाही आणि हो म्हणायची भीती वाटली.

मैत्री, तुझी एक सवय होती. जेवायच्या आधी तू ताटली उचलून फोनला दाखवायचीस, "बघ, पोळी." फोनमधली आई "अरे वा" म्हणायची आणि मग तू जेवायचीस. तिथेही तू तेच करायचीस. आईच्या तोंडासमोर ताटली धरायचीस आणि मागे घ्यायचीस. एका संध्याकाळी ती उशिरा आली, भुकेलेली, अंगात अजून जाकीट. तू ताटली वर धरलीस. ती वाकली आणि तुझ्या तूप-साखरेच्या पोळीचा तिने मोठा घास तोडला.

तू ताटलीकडे पाहिलंस. तिच्या हलणाऱ्या तोंडाकडे पाहिलंस. आणि किंचाळलीस, "आजी, इनं माही पोळी खाल्ली." आजोबांचीच भाषा. तिला चापट्या मारल्यास, केस ओढलेस. मी उठायला गेले. "बसा, आई," ती भरल्या तोंडाने म्हणाली. तू तिच्या मांडीवर चढलीस, तिच्या तोंडात बोटं घालून पोळी शोधलीस. सापडली नाही. मग दुसरा तुकडा तोडून तिच्या ओठांशी धरलास, हा तरी आत जातो का ते बघायला. तो गेला. "अजून," तू म्हणालीस. ती पोळी सगळी तिनेच संपवली. त्या रात्री माझा पदर मोकळा होता.

मी परत निघाले तेव्हा तुला जागं ठेवा, असं मीच सांगितलं. तू आईच्या खांद्यावरून माझ्यासाठी रडत होतीस. मी वळून वळून पाहिलं.

आता फोन जेवणाच्या टेबलावर असतो, भिवापुरी तिखटाच्या बरणीला टेकवलेला. "आता कोनी पाया नाही पडत त्याच्या," आजोबा म्हणतात. आता तुमच्यासाठी फोनमधली मी आहे, म्हणून मी माझं जेवण पुढे ढकललं आहे. तुम्ही तिकडे खाऊ खायला बसता, तेव्हा मी इकडे तुमच्यासमोर जेवते. तुम्ही ताटली दाखवता, मी घास तोंडात घालून दाखवते. आजीही खाते, हे तुम्हाला दिसत राहावं.

पूर्वी मला घर म्हणजे जिथली वस्तू तिथे, असं वाटायचं. सध्या इथे सगळं जिथल्या तिथे आहे. माझ्या ताटात आजोबांशिवाय कुणाचा हात येत नाही, आणि तेही फक्त मिरची उचलतात. उन्हाळ्यात याल तेव्हा दारात नमस्कार वगैरे नको. हात धुवा आणि सरळ माझ्या ताटातलं उचला. न विचारता.