कोनाड्यातला कप

मामीच्या अंगणात कादंबरी वाचत बसले होते. कादंबरीतली कचरा नेणारी बाई लेखकाने फार जपून रंगवली आहे. तिचा चेहरा तो कुठेच दाखवत नाही. दाखवतो तो फक्त तिच्यासाठी वेगळा ठेवलेला, कान तुटलेला कप, घराबाहेर, उन्हापावसात. शेवटच्या पानावर ती तो दगडावर आपटते. तिथे माझे डोळे भरून आले.

पुस्तक मिटलं तर समोर, फाटकाशेजारच्या कोनाड्यात, तसाच एक कप पालथा घातलेला.

एवढ्यात गल्लीतला कचरा नेणाऱ्या शेवंताबाई आल्या. मामी पोळ्या लाटत होती, म्हणून चहा मीच नेला, घरातल्या कपातून. त्यांनी हात पुढे केला नाही.

"ताई, माझा कप आहे की तिथं. त्यात ओता वरून."

"यातच घ्या ना."

"नको. तुम्ही आज आहात, उद्या जाल. मला रोज यायचंय."

त्यांनी आपला कप पार खाली, गुडघ्यापाशी धरला. माझा कप त्याला लागू नये म्हणून. मी वरून चहा ओतला.

लेखकाने कप फोडला ते खोटं, असं म्हणवत नाही. कुणीतरी तो फोडायलाच हवा. पण फोडल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाई कुणाच्या दारात गेली, ते पान पुस्तकात नाही.

चहा संपला. शेवंताबाईंनी नळाखाली कप विसळला आणि कोनाड्यात पुन्हा पालथा घातला, कान तुटलेली बाजू आत वळवून.