दादाचा पाय ब्रेकवर होता

"मास्तर, रस्ता रिकामा आहे हो! मांजर नाही, माणूस नाही, कशाला ब्रेक मारलात?"

वहिनी असं ओरडली तेव्हा दादा गेलेला होता. आम्हाला माहीत नव्हतं. वहिनी चालवत होती, दादा तिच्या शेजारी, मी मागे. गाडीने आचका दिला अन् बंद पडली, माझं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं. वहिनीने मिनिटभर तरी त्याला झापलं. उद्या माझी परीक्षा अन् तुमचं हे असं, तुमच्या त्या पायाला एकदा कुलूपच लावते, काय काय. तो गप्प. तो गप्पच असायचा, मग वेगळं काय वाटणार? तिने खांद्याला ढकललं तर त्याची मान खिडकीकडे कलंडली.

दादा? आमचा दादा? मला अजून खरं वाटत नाही.

त्याच्या हाताखाली गाडी शिकलेले तुम्ही सगळे रोज फोन करून विचारता, नक्की झालं काय. मला दर वेळी सांगवत नाही, म्हणून एकदाच लिहिते.

तुम्ही त्या गाडीत बसलाय. मास्तरच्या पायाशी पण एक ब्रेक असतो, शिकणारा चुकला तर दाबायला. बावीस वर्षं दादा त्या सीटवर बसला, गाडीला साधा ओरखडा नाही. गॅसचं बटण तीनदा बघणारा माणूस. माळ्यावरचा डबा काढायचा तर शिडी धरायला खाली आम्ही दोघी. शर्ट कायम राखाडी, अन् गळ्याचं बटणसुद्धा लावलेलं. आठ दिवसांपूर्वी सगळ्या तपासण्या करून आला, रिपोर्ट चांगला आला, भोकं पाडून फाइलला लावला. असा माणूस बसल्या जागी जातो?

वाईट वाटेल पण सांगते, काही होईल तर वहिनीला होईल असं आम्ही सगळे धरून होतो. ती चालत्या बसमधून उतरणार, ओल्या हाताने स्विच दाबणार, तापात आइस्क्रीम खाणार. पार्लरमध्ये काम, केसांचा रंग महिन्याला नवीन. दादाने विमा काढला तो पण तिचा. स्वतःचा नाही.

ती त्याच्याकडे गाडी शिकायलाच आली होती. पहिल्या दिवशी पाण्याच्या टाकीवर घालत होती, दादाने ब्रेक मारला. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या शिंप्याच्या मशीनवर. तोंडाचा पट्टा मात्र चालू, शेजारणीचं लग्न, पार्लरमधली भांडणं, सगळं. दादा घरी येऊन डोकं धरून बसायचा. महिना संपला तरी तिने आणखी एक महिना लावला. मग आणखी एक. तिसऱ्या महिन्यात तीच म्हणाली, "मास्तर, लायसन्स राहू दे, लग्नच करा माझ्याशी."

दादाने घरी सांगितलं तेव्हा आईच्या हातातलं लाटणं पडलं.

"अरे, तू घरात चालतोस तर पाऊल वाजत नाही, अन् ही बाई म्हणजे वादळ. जमायचं कसं तुमचं?"

दादा म्हणाला, "ती असली की मला बोलावं लागत नाही."

एवढंच. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, बोलव तिला.

जमलं त्यांचं. चौदा वर्षं जमलं. ती बडबडायची, तो ऐकायचा. ती दार उघडं टाकून जायची, तो मागून कडी लावायचा. तो तिला 'बाई' म्हणायचा, ती त्याला 'मास्तर', शिकवणीत म्हणायचे तेच. भांडण एकच. लायसन्स. तीन वेळा ती नापास झाली, तीनही वेळा ब्रेकवर. परीक्षेला शेजारी साहेब बसतो, त्याला त्याचा ब्रेक दाबावा लागला की आपण नापास. तिला ब्रेकसाठी पाय उचलायची सवयच नव्हती. ती उचलायच्या आत दादाचा दाबलेला असायचा.

मी एकदा बोललेच. "दादा, तूच तिला शिकू देत नाहीस."

"कळतं गं मला," म्हणाला. "पाय ऐकत नाही."

वहिनी आतून ओरडली, "चौदा वर्षांत एक टाचणी नाही टोचू दिली या माणसाने! लायसन्स कुठून मिळणार?"

चौथ्या वेळी तिने पैज लावली. पास झाले तर मास्तरांनी पोपटी शर्ट घालून ड्रायव्हिंगच्या शाळेत शिकवायला जायचं. कापड तीच घेऊन आली, इतकं पोपटी की डोळे मिटावे लागतील. मी घरी शिवणकाम करते, शर्ट माझ्याकडे आला. दादा माप द्यायला उभा राहिला अन् म्हणाला, "सावकाश शीव. घाई नाही." म्हणजे त्याला खात्री होती ती नापास होणार. आम्ही तिघंही किती हसलो त्या दिवशी.

परीक्षेच्या आदल्या दिवशी शर्टाची बटणं राहिली होती. वहिनी म्हणाली, सरावाला निघालोय, चल, तुला बटणाच्या दुकानाशी सोडते. म्हणून मी गाडीत होते. नाहीतर ती एकटी असती त्याच्याबरोबर.

मान कलंडल्यावर वहिनी ओरडली नाही, रडली नाही. तिने गाडी चालू केली, पण गाडी पुढे जाईना. दादाचा पाय ब्रेकवर तसाच ताठ. मी उतरले, त्याच्या बाजूचं दार उघडलं अन् दोन्ही हातांनी तो पाय उचलून बाजूला केला. बूट नुकताच पॉलिश केलेला. मग मागे बसून दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरून ठेवलं.

अन् वहिनीने गाडी चालवली. दोन सिग्नल लागले, दोन्हीकडे स्वतः थांबली. वळताना इंडिकेटर दिला. एक म्हातारा मध्येच आला, त्याच्या हातभर आधी गाडी थांबवली. तोंडातून शब्द नाही. चौदा वर्षांत मी तिला गप्प बघितलं ते तेव्हाच. दवाखान्यात पांढऱ्या पट्ट्यांच्या मधोमध गाडी लावली. आतली माणसं दादाला स्ट्रेचरवर घेऊन गेली, तर तिथला वॉचमन म्हणतो, "बरोबर लावलीत मॅडम. लोक कशीही लावतात इथे."

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, इथे आणायच्या आधीच. मी विचारलं, मग ब्रेक कोणी मारला? ते म्हणाले, अंग ताठ होतं अशा वेळी, नाहीतर आधी काही जाणवलं असेल, सांगता येत नाही. मला वाटतं जाणवलं असेल. दादाच तो.

परीक्षा पुढे ढकलली. शाळेच्या मालकांनी तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळवली. वहिनी म्हणाली, मी जायची नाही. मी म्हटलं, नको जाऊस. तारखेच्या दिवशी सकाळी बघते तर चपला घालून दारात बसलेली. गॅस बंद केला का, म्हणून मला दोनदा विचारलं.

मालक गाडी घेऊन आले. मी मैदानाच्या कडेला बाकावर बसले. तोच साहेब, तीन वेळा नापास करणारा. तो दादाच्या जागी बसला तेव्हा मी खाली मातीकडे बघत राहिले. गाडी गेली, वळली, परत येताना एक कुत्रं आडवं आलं अन् गाडी थांबली. संपलं, मला वाटलं.

साहेब उतरून मालकांना म्हणाला, "मी पाय उचलला होता. पण गाडी आधीच थांबली होती. पास आहेत."

वहिनी माझ्याकडे आली. तोंड लाल, डोळे मोठे झालेले.

"बटणं लावलीस का गं शर्टाला?"

"नाही अजून."

"मग कधी लावणार? जिंकले ना मी. आता घालावाच लागेल मास्तरांना."

मी तिच्याकडे बघितलं. ती मस्करी करत नव्हती. माझ्या तोंडून पण गेलं, "आज लावते."

दुकान रस्त्याच्या पलीकडेच होतं. वहिनीने माझा हात धरला, उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, परत उजवीकडे बघितलं, मग मला घेऊन रस्ता ओलांडला. दुकानदाराने पोपटी बटणं काढून काउंटरवर ठेवली. म्हणाला, "किती देऊ? सहा पुरतात पुढे. वरचं गळ्याचं कोणी लावत नाही."

"सात द्या," मी म्हटलं. "तो लावतो."