चुलींची यादी

त्या वर्षी फाल्गुनात वादळ आणि गारपीट एकदमच आली. सौंसरच्या पुढे, मोहगावच्या अंगाला एका खेड्यात मी प्राथमिक शाळेचा गुरुजी होतो. अर्ध्या तासात गावातल्या एकाही छपरावर धड कवेलू उरलं नाही. शाळेचं टिन उडून नाल्यापलीकडच्या संत्र्याच्या बागेत पडलं. बागवाल्यानं पहिला निरोप काय धाडला? तर तुमच्या टिनानं माझी दोन झाडं मोडली. बाकीची बाग गारांनी झोडपून काढली होती, झाडांखाली संत्र्यांचा नुसता चिखल होता. पण भांडायला गारा सापडत नाहीत, गुरुजी सापडतो.

चौथ्या दिवशी मिशनची जीप आली. एक फादर आणि दवाखान्यातली एक सिस्टर. फादर दक्षिणेकडचे, मराठी पुस्तकातून शिकलेले. ते बोलायला लागले की आमच्या बाया हसू दाबायला पदर तोंडाला लावायच्या. दोन दिवसांनी ताडपत्र्या, कांबळी आणि दुधाची भुकटी घेऊन ट्रक येईल, तोवर यादी हवी, असं ते म्हणाले. सरपंचांनी माझ्याकडे बोट केलं. अक्षर चांगलं असण्याइतका दुसरा गुन्हा नाही.

"जितकी छपरं उडाली तितकी मोजा," फादर म्हणाले. "कोण कुठे झोपतो ते लिहा."

मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, याला काय कळतं? आमच्याकडे छपरं कोण मोजतो? राशनकार्ड चुलीवर, देवळाची वर्गणी चुलीवर. लग्नाचं आवतनही चूलबंद, म्हणजे त्या दिवशी घरची चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी जेवायला यायचं. एक चूल म्हणजे एक घर. मी दिवसभर उन्हात फिरून चुली लिहिल्या आणि आपण फादरपेक्षा शहाणे निघालो म्हणून खूशही झालो.

दुसऱ्या दिवशी आधी म्हातारे आले. भुकटी खाल्ली तर माणूस बाटते का, हा त्यांचा प्रश्न. मी म्हटलं, "बाबाजी, फादरनं अजून एकदाही देवाचं नाव काढलं नाही. तुमीच काढून राहिले." त्यावर त्यांनी बराच विचार करून ठरवलं की भुकटी वासरांसाठी घ्यायची. ही वासरं पुढे सकाळ-संध्याकाळ चहा पीत होती, ते सोडा.

दुपारपर्यंत मात्र खरा ताप सुरू झाला. चुलीमागे एक ताडपत्री मिळणार, ही बातमी फुटली होती. पाहतो तर गावात चुलींचं पीक आलेलं. वीस-वीस वर्षं एका ताटात जेवलेले भाऊ अंगणात तीन-तीन दगड मांडून वेगळे झाले होते. ज्या सुना लग्नापासून वेगळं निघायला नवस बोलत होत्या, त्यांच्या नवसाला मिशन पावलं. एकानं तर गोठ्यात चूल मांडली होती. दगड थंड, राख नाही, वर रिकामं पातेलं.

"वेगळे झालो ना, गुरुजी. लिहून घ्या."

"कधी झाले?"

"आत्ताच."

माझं डोकं फिरलं. मी पांढुर्ण्याचा. आमच्याकडे दगड उचलायचे ते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गोटमारीच्या जत्रेत, नदीपलीकडच्या सावरगाववाल्यांवर. त्या दिवशी मात्र कोणताही मुहूर्त चालला असता. मी चौकात उभा राहून ओरडलो की वादळाच्या आधीची चूल तीच चूल. नवी एकही लिहिणार नाही. आणि घरोघर फिरून ते खोटे दगड पायानं उधळत सुटलो. लोक हसत होते, मी आणखी चिडत होतो.

शाळेसमोरच्या घराला टेकून एक उतरत्या छपराची सपरी होती. तिथे एक विधवा काकू राहायच्या. घर त्यांच्या थोरल्या दिराचं. दहा वर्षं त्या दिराच्या बागेत राबत, त्यांच्याच चुलीवर सगळ्यांचं रांधत आणि शेवटी स्वतः जेवत. माझ्या शाळेचा माठही त्याच भरायच्या. सपरीवरचं छप्पर पार गेलेलं; मधोमध तीन दगड मांडून काकू बसलेल्या.

"काकू, तुमीपण?" म्हणत मी एक दगड पायानं सारला.

वरचं भगुनं कलंडलं. शिजत आलेली डाळ जाळावर सांडली आणि चर्र झालं. काकूंनी भगुनं नुसतं सरळ केलं.

"गुरुजी, चूल पेटून राहिली होती," त्या म्हणाल्या.

मला तेव्हाच समजायला हवं होतं. पण गावभर जाहीर केलेला नियम मोडायचा कसा? मी तसाच पुढे गेलो, घाईचं सोंग करून.

ट्रक आला, शाळेपुढेच उभा राहिला. मी नावं वाचत गेलो, सिस्टर ताडपत्र्या देत गेल्या. दिराच्या चुलीची ताडपत्री दिराच्या घरावर चढली. सगळं वाटून झालं तरी काकू आपल्या सपरीत, उघड्यावर, उभ्याच होत्या. सिस्टरनी मला विचारलं, "यांचं नाव?"

"त्यांची चूल दिराकडे आहे," मी म्हणालो.

"दीर म्हणते, ताडपत्री आमच्या घरावर, तुयं पाहू मंग," काकू म्हणाल्या. "म्हून मांडली मी चूल."

फादरनी माझ्या हातातली यादी घेतली. वाचली. पुन्हा पहिल्यापासून वाचली. "मी छपरं मोजायला सांगितलं होतं," ते म्हणाले. या वेळी कुणी पदर तोंडाला लावला नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ताडपत्री एकही उरली नव्हती. फादर ट्रकवर चढले आणि ट्रकचीच ताडपत्री सोडायला लागले. पुढच्या गावची भुकटीची पोती ट्रकमध्येच होती. मी म्हटलं, "पाऊस आला तर भिजतील." ते म्हणाले, "भिजतील." दोरांच्या गाठी आवळून बसल्या होत्या. मी मदतीला वर चढलो, पण त्यांनी मला एकही गाठ सोडू दिली नाही.

पुढच्या वर्षी शाळेच्या नोंदीसाठी पुन्हा घरोघर फिरायचं होतं. मी काकूंच्या दारापासून सुरुवात केली. सपरीवर तीच ताडपत्री होती, आणि आत मातीची, सारवलेली चूल. दिराच्या घरी त्या परत जेवल्या नव्हत्या. शाळेचा माठ मात्र रोज भरत होत्या.

मी वही उघडली.

"चूल पाहाची असन, गुरुजी?"

"नाही, काकू."

"पाहून घ्या ना," त्या म्हणाल्या. "दहा वर्सं मी तुमच्या समोर होती, तवा दिसली नाही तुमाले."