कंबर वाकते कुठून?

शिवणकाकूंना एकदा प्रश्न पडला, की उत्तर मिळेपर्यंत घास गोड लागत नसे. आता तर प्रश्न त्यांच्याच कमरेचा होता. खालची चकती झिजून मणका पुढे सरकलेला, पायाला मुंग्या, चालणं नकोसं.

"दाबलेली शीर मोकळी करावीच लागेल," सर्जन म्हणाले. "पुढे मणके धरून ठेवायचे दोन मार्ग. स्क्रू आणि सळ्या घालून ते कायमचे जोडायचे, नाहीतर स्क्रूंना लवचीक पट्टा लावायचा. त्यात थोडी हालचाल राहते. दुखणं दोन्हींत कमी होतं. जोडले, तर वरच्या मणक्यावर ताण येऊ शकतो. पट्टा लावला, तर स्क्रू ढिले पडू शकतात. विचार करून सांगा."

काकूंचा जीव भलतीकडेच अडकला. गिऱ्हाइकाच्या पायाशी वाकून झग्याची दुमड आखायची, हे त्यांच्या हातचं खरं कसब. मणके जोडून टाकले, तर वाकणार कुठून?

घरी येताच त्यांनी नणंदेला हाक मारली. "वन्सं, खडू आणा. माझ्या पाठीवर रेघा मारा."

"वहिनी, आता स्वतःलाच बेतताय की काय?"

"चेष्टा पुरे. दुखतंय तिथे वर एक, खाली एक. आता टेप धरा, मी वाकते."

देवाचं नाव घेत काकू वाकल्या. मग नणंदेच्या पाठीवर तशाच रेघा मारून तिलाही वाकवलं. तिच्या रेघा एकमेकींपासून चांगल्या लांब गेल्या. काकूंच्या होत्या तिथेच!

"अगं बाई! तुम्ही नुसत्या खुब्यातून वाकता!"

"म्हणजे जिला जपत होते, ती कंबर केव्हाच संपावर गेलीय?" काकूंना हसू आवरेना.

सर्जनांनी सगळं ऐकून घेतलं. "दुखण्यानंही पाठ आखडते, काकू. पण तुम्हाला वाकवून काढलेल्या एक्स-रेतही तेच दिसतं. तो मणका नुसता सरकतो, वाकायला मदत करत नाही."

"मग जोडाच. वरच्या मणक्याचं मी व्यायामावर आणि देवावर सोडते."

काही महिन्यांनी, सर्जनांनी मोकळीक दिल्यावर, पहिला झगा आला. काकूंनी एक गुडघा टेकला, पाठ सरळ ठेवली आणि खुब्यातून सावकाश खाली झुकल्या. दुमड आखली, गिऱ्हाइकाला गोल फिरवून पाहिलं. सगळीकडून सारखी होती.

उठायला मात्र हाताचा आधार मागावा लागला.